आपले ओझे, आपली पाठ

मराठीत ओझ्यासाठी शब्दांची वाण नाही. डोईवर घ्यायचे ते बोचके, पाटी, हारा किंवा मोळी. खांद्यावर घ्यायची ती कावड, पडशी वा झोळी. काखेत कळशी आणि कमरेवर मूल. डोक्याला भार रुतू नये म्हणून ठेवायच्या कापडी वेटोळ्यालाही आपल्याकडे चुंबळ असा स्वतंत्र शब्द आहे. पाठीच्या वाट्याला मात्र भाषेने फार थोडे दिले: हमालाचे पोते आणि पाठुंगळीला बसलेले मूल. त्यामुळेच की काय, गेल्या पन्नास-साठ वर्षांत ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या अनेक घरांतील माळ्यावर जी एक फुगीर वस्तू जाऊन बसली, तिला मराठी नाव मिळाले नाही. कोणी तिला हॅवरसॅक म्हणाले, कोणी रकसॅक. हिमालयात जाऊन आलेले काही जण पिट्टू म्हणू लागले, आणि अखेरीस सर्वांनी तिला नुसते 'सॅक' म्हणायचे ठरवले. 'पाठपिशवी' हा शब्द चांगला आहे, परंतु छापील मजकुराबाहेर तो फारसा पडला नाही.

लांबच्या भटकंतीसाठी मोठी सॅक कोणती घ्यावी, हा प्रश्न आम्हांला वरचेवर विचारला जातो. विशेषतः एप्रिल महिना उजाडला की हिमालयात प्रथमच निघालेली मुले आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे आईवडील तो विचारतात. उत्तर दहा ओळींत सांगता येते आणि ते आम्ही पुढे सांगणारही आहोत. पण त्या दहा ओळींमागे बराच मोठा इतिहास आहे, आणि त्याची मुळे नॉर्वे-कॅलिफोर्नियात आहेत तशीच आपल्या कल्याण-कसाऱ्याच्या वाटेवरही आहेत. ओझे कसे वाहावे, या प्रश्नाआधी ते कोणी वाहावे, हा प्रश्न येतो. सॅक निवडणारा पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधत असतो; दुसऱ्याचे उत्तर त्याने बहुधा नकळतच देऊन टाकलेले असते.

घाटवाट आणि भार

कल्याण हे प्राचीन बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख येतो. या बंदरात उतरलेला माल जुन्नरकडे आणि तेथून पुढे पैठणकडे जाई तो नाणेघाटाने. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे, आणि जवळच एक दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी त्यात टाकायची, असे परंपरा सांगते. आज कल्याणहून मुरबाड ओलांडून, वैशाखरे मागे टाकून आपण या घाटाला भिडतो, तेव्हा कातळात खोदलेल्या पायऱ्या पाहून प्रथम त्यांच्या प्राचीनतेचे कौतुक वाटते. थोडी चढण चढून दम लागला की दुसरा विचार येतो: ज्यांच्यासाठी ही वाट बांधली गेली, ते सारे लादलेले होते. रिकाम्या हातांनी जाणाऱ्यासाठी राजसत्ता डोंगर फोडत नाही.

सन १८८२ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड प्रसिद्ध झाला. त्यात सह्याद्रीच्या घाटवाटांची नोंद करताना कोणती वाट लादलेल्या बैलांना जाण्याजोगी आणि कोणती केवळ पायी माणसाला, हे आवर्जून सांगितलेले आढळते. वाटेची प्रत तिच्यावरून जाणाऱ्या ओझ्यावरून ठरत असे. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून याच घाटांनी चढ-उतार करीत. रेल्वेने १८६३ मध्ये बोर घाट आणि १८६५ मध्ये थळ घाट ओलांडला आणि हळूहळू हा सारा भार लोखंडी रुळांवर गेला. घाटवाटा ओस पडल्या. पुढे शंभर वर्षांनी त्यांवर पुन्हा पाठीवर ओझे घेतलेली माणसे दिसू लागली, ती आम्हां ट्रेकरांच्या रूपाने. आम्ही वाटांची प्रतवारी सोपी, मध्यम, अवघड अशी करतो. पण जड सॅक पाठीवर असली की गॅझेटियरकाराची प्रतवारीच अधिक खरी वाटू लागते.

वेठ

जेथे बैल जात नसे तेथे माणूस जाई, आणि तो दर वेळी स्वतःच्या इच्छेने जाई असे नाही. साहेबाचा वा सरकारी अंमलदाराचा मुक्काम हलला की गावातील माणसे वेठीला धरून त्यांच्या डोक्यावर तंबू, पेट्या आणि भांडीकुंडी दिली जात. लोकल गाड्या खोळंबल्या की 'प्रवाशांना वेठीस धरले' असे आपण आज सहज म्हणून जातो. त्या शब्दाच्या पोटात दुसऱ्याचे सामान बळजबरीने वाहणाऱ्या माणसाची पाठ आहे, याची आठवण आपल्याला राहिलेली नाही.

हिमालयात हीच प्रथा कुली बेगार या नावाने अधिक जाचक झाली होती. गावागावांत कोणाची पाळी केव्हा, याच्या नोंदवह्या ठेवलेल्या असत. जानेवारी १९२१ मध्ये कुमाऊंतील बागेश्वर येथे उत्तरायणीच्या जत्रेत जमलेल्या लोकांनी त्या वह्या सरयू नदीत बुडवल्या आणि यापुढे बेगार देणार नाही अशी शपथ घेतली. आज आपल्याकडची मुले पिंडारी हिमनदीच्या ट्रेकला जातात, तेव्हा त्यांची वाट याच बागेश्वरवरून जाते. जत्रेच्या त्या घाटावर क्षणभर थांबावे, इतके तरी त्या प्रसंगाचे आपल्यावर ऋण आहे. हिमालयातील भटकंतीचा वसाहतकालीन इतिहास आपण शिखरांच्या आणि साहेबांच्या नावांनी वाचतो. त्या साहेबांचे सामान ज्या पाठींवरून गेले, त्या पाठींचा इतिहास बागेश्वरला सुरू होतो.

आपल्याकडे ओझ्याला आणखी एक पदर होता, तो प्रतिष्ठेचा. पांढरपेशा माणसाने भर रस्त्यात ओझे वाहणे शोभत नाही, ही समजूत खोलवर रुजलेली होती. अपवाद होता तो धर्मकार्याचा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, अनेक संकटांतून वाचले आणि गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी परतले. त्यांचा 'माझा प्रवास' वाचणाऱ्याला ती कावड विसरता येत नाही. वारीला जाणारी स्त्री डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन शेकडो मैल चालते, तेव्हा तिच्या पायी लोक माथा टेकतात. देवासाठी उचललेले ओझे पुण्याचे ठरले आणि पोटासाठी उचललेले हलके मानले गेले. हमाल हा शब्द व्यवसायाचा असूनही तो पुष्कळदा हिणवण्यासाठी वापरला गेला. माथ्यावर भार वाहतो तो माथाडी. त्याच्या श्रमाला कायद्याचे संरक्षण मिळण्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साल उजाडावे लागले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुष कामगाराने वाहायच्या भाराची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती. माणसाच्या पाठीला मर्यादा असते, ही गोष्ट जगाने लिहून काढली ती इतक्या उशिरा.

शेवटची कसारा गाडी

या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या उपनगरांत जे घडले, ते आम्हांला लहान वाटत नाही. १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झाले. १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली आणि त्याच वर्षी मुंबईत गिरिविहार ही संस्था स्थापन झाली. १९६५ मध्ये उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट आली. इकडे गो. नी. दांडेकरांच्या आणि बाबासाहेब पुरंदरेंच्या लेखणीने व वाणीने किल्ल्यांची ओढ लावलेली होतीच. मुलुंड, ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील बँकांत, कारखान्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत काम करणारी, महाविद्यालयांत शिकणारी मुले शनिवारी रात्री शेवटची कसारा गाडी पकडू लागली. आसनगावला उतरून माहुली, कसाऱ्याला उतरून रतनगड किंवा अलंग-मदन-कुलंग, कल्याणच्या एसटी स्थानकावरून माळशेजची गाडी धरून खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगड, असे त्यांचे पंचांग ठरून गेले.

या मुलांच्या घरांत सामान वाहायची सवय होती ती होल्डॉलची आणि वळकटीची, म्हणजे स्थानकावर हमालाच्या डोक्यावर द्यायच्या वस्तूंची. आता त्यांनी ओझे स्वतःच्या पाठीवर घेतले. तेही ना देवासाठी, ना पोटासाठी. शेजारपाजारच्यांना हे चमत्कारिक वाटे. 'पैसे देऊन हमाली करायला जातात' हे वाक्य आम्ही आमच्या चाळीत ऐकलेले आहे, आणि ते सर्वस्वी चुकीचेही नव्हते.

सॅक निवडणे ही कल्पनाच तेव्हा नव्हती. मिळेल ती सॅक आपली. मुंबईच्या चोरबाजारात लष्कराच्या टाकाऊ सामानात खाकी कॅनव्हासच्या हॅवरसॅक मिळत. हा शब्द मूळ जर्मन, घोड्याच्या ओटची पिशवी अशा अर्थाचा. सैनिकाचा एक दिवसाचा शिधा मावावा एवढ्याच आकाराची ती पिशवी आम्ही चार दिवसांसाठी भरत असू, आणि जे आत मावत नसे ते बाहेर सुतळीने बांधत असू. आमच्यापैकी एकाची पहिली मोठी सॅक ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराने शिवून दिलेली होती. तिच्या पट्ट्यांना स्पंजऐवजी जुन्या गोधडीचे तुकडे भरले होते. जुलै महिन्यात भीमाशंकरच्या शिडीघाटाने चढताना ती कॅनव्हासची सॅक पावसाचे पाणी पीत गेली आणि माथ्यावर पोचेतो निघतानापेक्षा जड झाली. आतले कपडे साखरेच्या गोणीतील प्लास्टिकच्या अस्तरात गुंडाळले होते म्हणून कोरडे राहिले. ती युक्ती आजही कोणत्याही महागड्या पावसाळी आवरणाइतकी खात्रीची आहे.

परदेशी सॅक पाहायला मिळे ती अमेरिकेतून आलेल्या एखाद्या नातेवाइकाकडे, किंवा काठमांडू-मनालीहून परदेशी गिर्यारोहकांचे विकलेले सामान कोणी आणले तर. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील उरलेसुरले परिमाणात्मक निर्बंध उठले ते २००१ मध्ये. १९९८ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या नागरी मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, तोवर आपल्याकडील बहुतेक संस्थांत चांगली सॅक ही संस्थेची सामाईक मालमत्ता असे. वहीत नाव लिहून ती उसनी न्यायची आणि धुऊन परत करायची. पुढे बंगळुरूच्या वाइल्डक्राफ्टसारख्या देशी कंपन्यांचा माल सर्वत्र मिळू लागला, २००९ मध्ये फ्रान्सची डेकॅथलॉन भारतात आली, आणि उसनवारीची ती वही कपाटात गेली.

खांद्यावरून कमरेवर

आता थोडे पश्चिमेकडे वळू. १९९१ मध्ये आल्प्समधील ओत्झ खोऱ्याच्या माथ्यावर बर्फात सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ वाकवलेली लाकडी काठी आणि फळ्या मिळाल्या. त्या पाठीवर सामान बांधायच्या चौकटीच्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे चौकटीची कल्पना जुनीच. तिला कारखान्यात नेले ते नॉर्वेच्या ओले बर्गन याने. सैल पिशवी पाठीला घासते आणि मागे ओढते, हे पाहून त्याने १९०८ च्या सुमारास पाठीच्या वळणाप्रमाणे वाकवलेली चौकट पिशवीला जोडली. ब्रिटिश सैनिक आजही आपल्या मोठ्या सॅकला 'बर्गन' म्हणतात, ते त्याच्याच नावावरून.

परंतु खरी उलथापालथ झाली ती १९५० नंतर, कॅलिफोर्नियात. डिक केल्टी हा हौशी डोंगरभटक्या. सॅकच्या चौकटीची खालची टोके विजारीच्या मागच्या खिशांत खोचली असता खांद्यांवरचा भार एकदम कमी होतो, असे त्याच्या आणि त्याच्या मित्राच्या ध्यानात आले, अशी कथा सांगतात. कथा काहीही असो, १९५२ पासून केल्टी पतिपत्नी घरच्या घरी ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक बनवून विकू लागले आणि सॅकला कमरपट्टा आला. भार खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर, तेथून थेट पायांवर गेला. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेने केल्टीच्याच सॅक वापरल्या.

केल्टीची चौकट सॅकच्या बाहेर होती. रुळलेल्या पायवाटेवर ती उत्तम चाले; कड्यावर मात्र ती अडे आणि तोल ढळवी. १९६७ मध्ये ग्रेग लो याने चौकट सॅकच्या आत, पाठीलगत घेतली. पिशवी शरीराला चिकटून राहू लागली. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक साऱ्या मोठ्या सॅक या कल्पनेच्या लेकी आहेत. सह्याद्रीत तर आतल्या चौकटीला पर्यायच नाही. मदनच्या वाटेवर कातळाला अंग घासत आडवे जावे लागते, हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने हाताने धरत चढावे लागते, आणि कारवीच्या रानात तर बाहेर आलेला प्रत्येक बंद, प्रत्येक लटकती चटई फांदीला अडकते. अशा जागी रुंद सॅक माणसाला मागे खेचते. कॅनव्हासची जागा नायलॉनने घेतल्यापासून पाऊस पिण्याचा प्रकारही बराच थांबला.

निवड

वाचकहो, आता त्या दहा ओळी.

पहिली गोष्ट लिटरांची. एका दिवसाला २० ते ३०, दोन-तीन दिवसांच्या सह्याद्रीतील मुक्कामाला ४० ते ५५ आणि हिमालयात किंवा स्वतःचा तंबू-शिधा घेऊन आठवडाभर जायचे तर ६० ते ७५ लिटर पुरतात. त्याहून मोठी घेण्याचा मोह टाळावा. रिकामी राहिलेली जागा भरल्यावाचून कोणाला चैन पडत नाही, आणि भरलेले सारे वाहावे लागते.

दुसरी गोष्ट पाठीच्या लांबीची. ही माणसाच्या उंचीवरून ठरत नाही. मान खाली झुकवल्यावर तळाशी जो मणका हाताला लागतो, तेथून मोजायला सुरुवात करावी. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर, अंगठे मागे करून ठेवावेत. अंगठ्यांना जोडणारी रेषा कण्याला जेथे छेदते, तेथवरचे अंतर ही आपली लांबी. त्याच मापाची, किंवा त्या मापाला जुळवून घेता येणारी सॅक घ्यावी. लांबी चुकली की उत्तमातला उत्तम कमरपट्टाही पोटावर वा मांड्यांवर बसतो आणि सारे ओझे पुन्हा खांद्यांवर येते.

तिसरी गोष्ट कमरपट्ट्याची. तो कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेला धरून बसला पाहिजे, बेंबीवर नव्हे. प्रथम कमरपट्टा आवळावा, मग खांद्यांचे पट्टे, मग खांद्यांवरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, आणि शेवटी छातीचा. हा क्रम उलटला की कमरपट्टा केवळ शोभेचा उरतो.

चौथी गोष्ट कापडाची. दुकानदार 'डेनिअर' सांगतो, तो ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन असतो. आकडा मोठा तितका धागा जाड, कापड टिकाऊ आणि सॅक जड. कातळावर टेकणारा तळ जाड कापडाचा असावा, बाकीचे अंग मध्यम चालेल. ६० ते ७० लिटरच्या रिकाम्या सॅकचे वजन साधारण दीड ते अडीच किलो भरते. पाठीला आधार देणारे हे वजन वाया गेलेले नसते.

पाचवी आणि शेवटची गोष्ट: दुकानात रिकामी सॅक चढवून आरशात पाहू नये. दहा-बारा किलो वजन आत भरायला लावावे आणि वीस मिनिटे चालावे, जमल्यास जिना चढावा-उतरावा. घरी सॅक भरताना जड वस्तू पाठीच्या मध्यालगत, झोपायची पिशवी तळाशी आणि पावसाळी कपडे सर्वांत वर ठेवावेत.

हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. साठ किलो वजनाच्या, डोंगराची फारशी सवय नसलेल्या माणसाने आपल्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत, म्हणजे १२ ते १५ किलोपर्यंत भार घ्यावा, असा रिवाज आहे. सॅक २ किलो, झोपायची पिशवी दीड, चटई अर्धा, कपडे अडीच, पाणी ३, शिधा २, आणि भांडी, स्टोव्ह, दोर अशा सामाईक सामानातील आपला वाटा दीड: बेरीज १३ किलो. मार्च-एप्रिलमध्ये गडावरच्या टाक्या आटलेल्या असतात; पाणी पाच लिटर घ्यावे लागले की हीच बेरीज १५ वर जाते. त्यानंतर आत जाणारी प्रत्येक वस्तू कोणती तरी दुसरी वस्तू बाहेर काढूनच गेली पाहिजे.

मोळीवाली

एवढे सांगून आमचे समाधान होत नाही, याचे कारण एक जुनी आठवण आहे. कुलंगहून उतरून आंबेवाडीच्या वाटेला लागलो होतो. पाठीवर नवी कोरी, भक्कम पट्ट्यांची सॅक; तिचा एक बंद दुसऱ्याच दिवशी उसवला होता आणि आम्ही बनवणाऱ्याच्या नावाने बोटे मोडत होतो. आमच्यापैकी एक मुलगी मागे पडली होती. सॅक संस्थेची, पुरुषाच्या मापाची. कमरपट्टा तिच्या मांड्यांवर लोंबत होता आणि दोन्ही खांदे सोलवटून निघाले होते. तिला चालणे जमत नाही, असे आम्ही सर्वांनी मनातल्या मनात ठरवून टाकले होते. ओझ्याचे माप चुकले आहे, हे कळण्याइतके शहाणपण आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. तेवढ्यात मागून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई आली, वाट द्या म्हणाली आणि पुढे निघून गेली. तिची मान ताठ होती, पायांत चपला नव्हत्या आणि तिची मोळी आमच्या कोणाच्याही सॅकपेक्षा हलकी नव्हती.

शास्त्रज्ञांनी या कौशल्याचे मोजमाप केले आहे. १९८६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या पूर्व आफ्रिकेतील स्त्रियांच्या अभ्यासात असे आढळले, की शरीराच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचा भार त्या डोक्यावरून जवळजवळ कोणतीही जादा शक्ती न खर्चता वाहतात. २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये नेपाळी भारवाहकांविषयीचा अभ्यास आला. कपाळावरच्या पट्ट्याने भार पेलणारे ते पुरुष सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझे घेऊन घाट चढत होते. हे आकडे वाचून थक्क व्हावे, पण त्यांतून चुकीचा धडा घेऊ नये. 'त्यांना सवय असते' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. सवय असते, कारण पर्याय नसतो. मोळी मुरबाडच्या किंवा घोटीच्या बाजारात विकली गेली नाही तर त्या घरात संध्याकाळी काय शिजणार, हा प्रश्न चुंबळीखाली दबलेला असतो. आमच्या ओझ्याला मात्र सोमवारी सकाळी माळ्यावर जागा असते.

आता हिमालयात नवी सोय झाली आहे. व्यापारी ट्रेकमध्ये दिवसाला ठरावीक पैसे भरले की आपली मोठी सॅक खेचराच्या नाही तर भारवाहकाच्या पाठीवर जाते आणि आपण छोटी पिशवी घेऊन चालतो. आम्ही या सोयीच्या सरसकट विरोधात नाही. वय झालेले, पाठीचे दुखणे असलेले लोक त्यामुळेच डोंगर पाहू शकतात आणि खेड्यातल्या माणसाला हंगामात रोजगार मिळतो. मात्र पैसे देताना काही प्रश्न विचारायला हवेत. एका माणसावर किती किलो घातले जातात? त्याला बर्फात चालायचे बूट, उबदार कपडे आणि विमा आहे काय? आपण २२ किलोची सॅक भरली ती गरजेपोटी, की ती आपल्याला वाहायची नव्हती म्हणून? बागेश्वरच्या लोकांनी नदीत बुडवलेल्या वह्या पैशाच्या पावत्यांच्या रूपाने परत येऊ नयेत, एवढी काळजी तरी आपण घेऊ शकतो.

आमचा अनुभव असा, की ज्याने निदान काही वर्षे स्वतःचे ओझे स्वतः वाहिले आहे, तो दुसऱ्याच्या पाठीवर भार देताना हात आखडता घेतो. मोठी सॅक निवडण्याचे आमच्या लेखी खरे प्रयोजन हे आहे. म्हणून पहिली सॅक घ्यायला आलेल्या मुलांना आम्ही दुकानाआधी एक काम सांगतो: उसनी सॅक घ्या, तेरा किलो भरा आणि एक रविवार माहुलीला जाऊन या. काय कमी करायचे आणि कोणता पट्टा कोठे रुततो, हे उतरेपर्यंत कळलेले असते.

आणि परतताना मालडब्यात बसा. रविवारच्या संध्याकाळी कसाऱ्याहून येणाऱ्या गाडीत त्या डब्यात भाजीच्या पाट्या, दुधाच्या बरण्या, करवंदांच्या टोपल्या आणि चिखलाने माखलेल्या सॅक दाटीने बसलेल्या असतात. कल्याण आले की पाट्यांवाल्या बायका उठतात आणि पाटी डोक्यावर चढवायला कोणाचा तरी हात मागतात. सॅक उतरवून हात मोकळे झालेलेच असतात. पुढे व्हावे आणि पाटीला हात लावावा. किती जड आहे, ते तेव्हा नेमके समजते.